नेरूळ, नेरळ आणि ‘नरळ’: शोधाच्या पॅचची प्रगती

एका मुक्तस्रोत लोकल-वेळापत्रक ॲपमध्ये ठाणे-वाशी आणि ठाणे-पनवेल मार्गावरची स्टेशनं मराठीत टाइप करून सापडावीत, एवढंच हे काम. कोड पायथनमध्ये आहे. पहिला पॅच (कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव) मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडमध्ये गेला; दुसरा रिव्ह्यूत (तपासणीत) आहे.

दोष होता नावं ‘साफ’ करणाऱ्या फंक्शनमध्ये. एनएफडी नॉर्मलायझेशन करायचं, म्हणजे चिन्हासकटचं अक्षर मूळ अक्षर आणि चिन्ह असं फोडायचं, आणि युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या) ‘एमएन’ वर्गातली, म्हणजे स्वतःची जागा न घेणारी, सगळी चिन्हं उडवायची, ही रोमन लिपीसाठीची जुनी युक्ती. अक्षरावरचे अ‍ॅक्सेंट तिने जातात. देवनागरीत मात्र उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त याच वर्गात येतात. काना, वेलांटी आणि ‘ो’ मात्र ‘एमसी’त, म्हणजे जागा घेणाऱ्या चिन्हांच्या वर्गात. त्यामुळे वाशी, ऐरोली, घणसोली सहीसलामत राहतात, तुर्भेचं ‘तरभ’ होतं आणि कोपरखैरणेचं ‘कोपरखरण’. वाशी टाकून तपासणाऱ्याला सगळं आलबेलच दिसणार. नेरूळचं ‘नरळ’ होतं, आणि कर्जतच्या वाटेवरच्या नेरळचंही ‘नरळ’च! इश्यूत (दोषाच्या नोंदीत) हीच जोडी लिहिली. मेंटेनरला (प्रकल्प सांभाळणाऱ्याला) मराठी वाचता येत नसलं तरी दोन स्टेशनांची एकच की (शोधासाठीचं साफ केलेलं रूप) बनतेय हे त्याला दिसतं. ‘मराठी शोध चालत नाही’ एवढंच लिहिलेले इश्यू वर्षानुवर्षं पडून राहतात.

दुरुस्ती अशी: ‘एमएन’ चिन्ह काढण्याआधी त्याच्या मागचं मूळ अक्षर लॅटिन आहे का ते बघायचं; युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नेम फंक्शनने अक्षराचं नाव ‘लॅटिन’ने सुरू होतं का हे कळतं. देवनागरीत फक्त नुक्ता (अक्षराखालचं टिंब, युनिकोड क्रमांक ०९३सी) आणि न दिसणारे जोडक (अक्षरं जोडायची की सुटी ठेवायची ते सांगणारे २००सी, २००डी) काढायचे. यात ‘बऱ्हाणपूर’चा प्रश्न आपोआप सुटतो. कोणी तो ऱ (०९३१) वापरून लिहितं, कोणी र, हलन्त आणि २००डी वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच. एनएफडीत ऱ म्हणजे र अधिक नुक्ता, म्हणून दोघांची की एक होते.

‘ॲकॅडमी’मधला ॲ मात्र हट्टी आहे. ०९७२ ला युनिकोडमध्ये फोड दिलेलीच नाही, त्यामुळे अ अधिक ॅ असं टाइप केलेलं रूप कुठल्याही नॉर्मलायझेशनने त्याच्याशी जुळत नाही. त्यासाठी वेगळा नियम लागतो, आणि तो जोडक काढल्यानंतरच चालवावा, कारण पुष्कळ कीबोर्ड अ आणि ॅ यांच्यामध्ये २००डी घालतात.

चाचण्यांत २००डी थेट टाइप करू नये, एस्केप करून, म्हणजे त्याचा क्रमांक लिहावा. रिव्ह्यू करणाऱ्याला तो दिसत नाही आणि कॉपी-पेस्टमध्ये कधी गळतो तेही कळत नाही. चाचणीची फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आहे हे स्पष्ट सांगावं. नाहीतर लिनक्सवर हिरवी (पास) असलेली चाचणी विंडोजच्या सीआयवर (चाचण्या आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर) लाल होते.

दुसरा पॅच शब्द तोडण्याचा. पायथनच्या ‘आरई’ या मजकुरात नमुने शोधणाऱ्या मॉड्यूलमधल्या, शब्दातलं अक्षर ओळखणाऱ्या बॅकस्लॅश-डब्ल्यूला मात्रा आणि काना अक्षर वाटतच नाहीत, म्हणून ‘ठाणे’चे ‘ठ’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे पडतात. ‘रेजेक्स’ हे बाहेरचं मॉड्यूल वापरलं तर प्रश्न मिटतो, पण एवढ्याशा कामासाठी नवी डिपेंडन्सी मेंटेनर सहसा घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पॅचमध्ये म्हणून मोकळी जागा, स्वल्पविराम, कंस, हायफन यांवर तोडलंय.

नेरूळ-नेरुळ हा ऱ्हस्व-दीर्घाचा नियम मुद्दाम बाजूला ठेवलाय. तो वादाचा विषय. पहिल्या पॅचमध्ये घुसवला असता तर सगळंच अडकलं असतं. नेमकं जुळणारं नाव वर, सैल जुळणारं खाली, असा क्रम लावूनच तो पाठवायचा.

गिटचं (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाचं) थोडक्यात: पाठवण्याआधी अपस्ट्रीम (प्रकल्पाचा मूळ कोड) फेच करून रीबेस, म्हणजे आपले बदल त्याच्या ताज्या रूपावर बसवणं, आणि पुश करताना साध्या फोर्सऐवजी फोर्स-विथ-लीज, म्हणजे मधे कोणी केलेले बदल पुसले जात नाहीत. प्रकल्पाला साइन-ऑफ (हा कोड देण्याचा हक्क आहे अशी नोंद) हवा असेल तर कमिटला ‘-एस’. शेवटी डिफ-स्टॅट (किती ओळी बदलल्या त्याचा गोषवारा) बघा: चार ओळींच्या बदलाला चारशे दिसत असतील तर विंडोजच्या एडिटरने ओळींचे शेवट बदललेत, ते आधी निस्तरा.