पाणीवाल्या बाईंचं विधेयक

१८ जुलै २०१२. मी तेव्हा एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर होते. आदल्या दिवशी समाजवादी नेत्या मृणाल गोरे गेल्या होत्या आणि त्यांच्यासाठी आतलं अख्खं पान राखून ठेवलं होतं. दुपारी राजेश खन्ना गेल्याची बातमी आली आणि पानांची सगळी मांडणी, म्हणजे डमी, फिरली. माझ्या वाट्याला तीन कॉलम उरले.

आलेला बहुतेक मजकूर एकाच वळणाचा होता. हंडे, लाटणी, मोर्चे आणि १९७७ च्या निवडणुकीतली घोषणा, ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’, म्हणजे मृणालताई लोकसभेत आणि इंदिरा गांधी पराभूत. सगळं खरंच. गोरेगावच्या नळांसाठी त्या ज्या हट्टाने भांडल्या, त्यातूनच हे नाव पडलं. पण विधिमंडळातल्या मृणालताई त्यात कुठेच नव्हत्या, आणि हे मला सहन होईना.

विधिमंडळाचं वार्तांकन केलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना फोन लावला. ‘सर, फक्त पाच मिनिटं,’ म्हटलं. ते बराच वेळ बोलत राहिले. १९८५ मध्ये ताई पुन्हा विधानसभेत आल्या, पुढे विरोधी पक्षनेत्याही झाल्या. गर्भजल चाचणी करून मुलगी असेल तर गर्भपात, हा धंदा मुंबईत तेव्हा जाहिराती करून चालायचा. त्याविरुद्ध महिला संघटना आणि काही डॉक्टर लढतच होते. त्यांचं म्हणणं ताईंनी १९८६ मध्ये अशासकीय विधेयकाच्या, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेल्या विधेयकाच्या, रूपात सभागृहात मांडलं. असली विधेयकं शुक्रवारच्या शेवटच्या तासांत येतात आणि बहुतेक तिथेच विरतात. हा विषय मात्र विरला नाही. १९८८ मध्ये सरकारला स्वतःचा कायदा करावा लागला. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा तो देशातला पहिला कायदा. केंद्राचा आला १९९४ मध्ये.

आज सोनोग्राफी केंद्रात शिरताच लिंगनिदान होत नसल्याची पाटी दिसते. तिच्यामागे आपल्या विधानसभेतली एक बाई आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

मी लेखाची सुरुवातच विधेयकापासून केली. ‘लोकांना पाणीवाली बाई हवी आहे, वर तेच घे,’ असं वरून सांगणं आलं. मी ऐकलं नाही. घोषणा चौथ्या परिच्छेदात गेली. पान सोडायची वेळ झाली तेव्हा दिंडोशीच्या नागरी निवारा परिषदेचा मजकूर जागेअभावी काढावा लागला. बाबूराव सामंतांसोबत ताईंनी सामान्य माणसांसाठी उभी केलेली ती हजारो घरं. पुढच्या रविवारच्या पुरवणीत त्यावर मी वेगळा लेख मागून घेतला.