तुम्ही विचारलंत म्हणून: व्हल्कन शिकू का?

गेम बनवायला निघालेली मुलं हा प्रश्न हटकून विचारतात. "सर, व्हल्कन शिकू का? पुढे सगळं त्यावरच चालणार ना?" व्हल्कन म्हणजे गेमने ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे जीपीयूला, चित्र काढायला सांगायचा एक इंटरफेस. मी गेम इंजिनच्या पोटातलं काम करतो, म्हणून मला विचारतात.

आधी जुनं कसं होतं ते सांगतो. ओपनजीएल हा असाच इंटरफेस, १९९२चा. त्यात ड्रायव्हरला, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, नुसतं म्हणायचं, हा त्रिकोण काढ. मेमरी कुठे घ्यायची, कोणतं काम कशाच्या आधी संपवायचं, ते ड्रायव्हर आपल्या अंदाजाने बघायचा. खानावळीचा डबा लावल्यासारखं: जेवण मिळतं, पण आज पोळी वातड का, हे विचारायची सोय नाही. शिवाय प्रत्येक ड्रॉ कॉलमागे, म्हणजे काढायच्या एकेका हुकुमामागे, त्याची तपासणी, तीही बहुतेक सीपीयूच्या एकाच कोअरवर. बाकीचे कोअर बसून.

२०१३ मध्ये ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एएमडीने मँटल नावाचा नवा इंटरफेस जाहीर केला. मग २०१४ला ॲपलचं मेटल, २०१५ला विंडोज १०सोबत डायरेक्टएक्स १२ आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मँटलच्याच पायावर उभं राहिलेलं व्हल्कन. रोख सगळ्यांचा एकच: ड्रायव्हरने अंदाज बांधू नयेत, काय हवं ते गेमवाल्यानेच सांगावं.

आता सांगावं म्हणजे किती, तर माझा पहिला त्रिकोण हजारेक ओळींनंतर पडद्यावर आला. त्याहून वाईट अनुभव पुढचा. माझ्या मशीनवर सुरळीत चालणारा सीन एका स्वस्त फोनवर लुकलुकत होता. तीन दिवस शेडर, म्हणजे जीपीयूवर चालणारे छोटे प्रोग्राम, तपासत बसलो. निघालं काय, तर एक बॅरियर ('आधीचं संपेपर्यंत थांब' ही सूचना) राहिला होता. टेक्श्चर (चित्राचा डेटा) लिहून पूर्ण व्हायच्या आत पुढचा पास, म्हणजे चित्र बनवायचा पुढचा टप्पा, ते वाचायला लागत होता. माझ्या मशीनवर ते निव्वळ नशिबाने जुळत होतं. ओपनजीएलमध्ये ही काळजी ड्रायव्हरनेच घेतली असती.

पीसीवरचे मोठे गेम पहिल्यांदा उघडताना शेडर कंपाइल होत असल्याची पट्टी दिसते ना, तीही याच घराण्यातली. शेडर, ब्लेंडिंग (रंग मिसळायची रीत) वगैरे सगळं एकत्र बांधून पाइपलाइन आधीच तयार ठेवायची, असा या नव्या पद्धतीचा आग्रह. पण मोठ्या गेममध्ये अशी हजारो कॉम्बिनेशन्स होतात. एखादं राहून गेलं की ते ऐन लढाईत कंपाइल होतं आणि चित्र अडखळतं. कन्सोलवर हा त्रास फारसा नाही, कारण हार्डवेअर ठरलेलं असतं आणि शेडर कंपाइल करूनच देता येतात.

तरीही सगळं दिवसेंदिवस आणखी अवघड होत जाईल, असं मला वाटत नाही. व्हल्कनच थोडं मागे सरकतंय. २०२२च्या १.३ आवृत्तीमध्ये डायनॅमिक रेंडरिंग आल्यावर आधी लिहावी लागणारी पानभर बडबड गेली. २०२३च्या शेडर ऑब्जेक्ट एक्स्टेन्शनने तर पाइपलाइनची सक्तीच ऐच्छिक केली. (आधीच विचारलं असतं तर आम्हीही हेच सांगितलं असतं, पण असो.) दुसरीकडे मेश शेडर आणि डायरेक्टएक्स १२मधले वर्क ग्राफ या सोयींमुळे पुढचं काम काय, हे जीपीयू स्वतःच ठरवू लागलाय, सीपीयूने दर वस्तूमागे हाक मारायची गरज कमी होतेय.

मला सगळ्यात मोठा वाटणारा परिणाम मात्र वेगाचा नाही. स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग पीसीवर विंडोजचे गेम लिनक्सवर चालतात, कारण डायरेक्टएक्सचे कॉल व्हल्कनमध्ये बदलणारा एक थर मधे असतो. खालची पातळी इतकी उघडी नसती, तर हे भाषांतर असं जमलं नसतं. ब्राउझरमधलं वेबजीपीयूही व्हल्कन, मेटल आणि डायरेक्टएक्स १२ यांच्याच खांद्यावर बसलंय. म्हणजे यापुढे हे इंटरफेस बहुतेकांसाठी जमिनीखालच्या पाइपांसारखे असतील. थोडेजण खणतील, बाकीचे नळ सोडतील.

तेव्हा गेम करायचा असेल तर गोडो हे तयार गेम इंजिन घ्या आणि गेम करा. व्हल्कन त्याच्या आत आहेच. खणायचीच हौस असेल तर जरूर शिका, फक्त व्हॅलिडेशन लेयर (आपल्या चुका दाखवणारा तपासणीचा थर) पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, त्यातलं सिंक्रोनायझेशनचं, म्हणजे कामांचा क्रम तपासायचं, बटणसुद्धा. माझं तेच बंद होतं. तो लुकलुकणारा फोन मी अजून टाकलेला नाही. नवी बिल्ड झाली की आधी त्याच्यावर चढवतो.