"सगळीकडे आहे ना" म्हणजे नेमकं कुठं आहे?

नागपूरच्या माणसाला ऊन शिकवू नये म्हणतात, पण ३० मे २०२४ ला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ५६ डिग्रीचा स्क्रीनशॉट पडला अन् सगळ्यांनी तो मान्यच करून टाकला, कारण कूलरसमोर बसूनही घामाच्या धारा लागल्या होत्या, मग असेलच ना बाप्पा! जगाचा रेकॉर्ड ५६.७ आहे, कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचा, १९१३ चा. एवढं तरी खटकायला पाहिजे होतं की नाही.

बरं, हे कोणी बसून रचलेलं खोटं नव्हतं. रामदासपेठेतल्या हवामान खात्याच्या ऑटोमॅटिक स्टेशनने खरंच ५६ दाखवलं होतं, सेन्सर बिघडलेला होता. शहरात दुसरीकडे ४४ च्या आसपास होतं, तसं हवामान खात्याने सांगितलंही, पण तोवर चॅनल, पोर्टल, रीलवाले सगळ्यांनी उचलून घेतलं होतं. वरच्या मजल्यावरच्या काकाजींना विचारलं, हे आलं कुठून, तर म्हणे "अरे सगळीकडे आहे ना!" माझ्या मते खरा घोळ इथंच आहे. मशीन एक, बाकी सगळे एकमेकांचं पाहून टाकून राहिले. पन्नास ठिकाणी दिसलं म्हणून पन्नास पुरावे होत नाही ना भाऊ.

तापमानाचं एक वेळ चालून जाते. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी समजून भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं, डवरी गोसावी समाजाचे होते ते. त्या वर्षी पोरं पळवण्याच्या अफवेसोबत देशभर व्हॉट्सॲपवर फिरलेली एक क्लिप तर कराचीतली जनजागृतीची फिल्म होती, पोरगं परत आणून सोडतात तो शेवटचा भागच कापलेला. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डला एका वेळी पाच चॅटची मर्यादा जाहीर केली.

आता मेसेजवर दोन बाण दिसले की तो खूप हातांतून आलाय एवढंच कळते, खरं-खोटं नाही. मी आधी पाहतो की हे पहिले कोण बोललं. फोटो असला तर गुगल लेन्समध्ये टाकतो, कित्येकदा जुना कुठलातरी निघते. अन् ग्रुपवर चारचौघात टोकत नाही, माणूस हट्टाला पेटते, पर्सनलवर सांगतो. हो, दुरुस्ती टाकताना तोच फोटो परत चिकटवू नका, खालचं कोणी वाचत नाही, फोटो तेवढा पुढं जाते.