मायचे पंधराशे गेले कुठं

मायनं लाडकी बहीणचा फॉर्म जुलै 2024 मध्येच भरला होता, अंगणवाडीच्या ताईनं मोबाईलवर फोटो काढून भरून दिलता, रेशनकार्ड केशरी म्हणून उत्पन्नाचा दाखला पण लागला नाही, आणि ऑगस्टमध्ये राखीच्या आधी गावातल्या बायांच्या मोबाईलवर मेसेज पडायला लागले, दोन महिन्यांचे मिळून तीन हजार. मायचा मोबाईल मात्र चूप. शेजारची काकू रोज कुंपणावरून विचारे, "काव बाई, तुये आले का?" आणि माय म्हणे, "कुठं वं." चार-पाच दिवस असं चाललं, मग एका रात्री ताटावरच मला म्हणाली, "तू एवढा शिकला, पाह्य ना बाप्पा काय झालं ते."

शिकला म्हणजे बी.ए., आणि नोकरी कारंज्यात एका कृषी सेवा केंद्रात बिलं फाडायची. पण घरात ऑनलाईनचं जे काही असेल ते माझ्याच गळ्यात.

पहिले बँकेत गेलो. आता बँकेत जायचं म्हणजे ऑगस्टमध्ये पांदणीतून गुडघाभर चिखल तुडवत फाट्यावर या, मग ऑटो. तिकडं कारंज्याजवळून समृद्धी महामार्ग जातो, 701 किलोमीटर, नागपूरहून शिर्डीपर्यंतचा तुकडा डिसेंबर 2022 मध्येच चालू झालता, आणि इकडं आमच्या दीड किलोमीटरच्या पांदणीतून पावसाळ्यात रिकामी बंडी निघत नाही. असो, ते रडगाणं वेगळं लिहीन कधीतरी. बँकेत पासबुक भरायची मशीन बंद, त्यावर कागद चिकटवलेला, तो कागद पण जुना होऊन पिवळा पडलेला. काउंटरवरच्या साहेबांनी वर न पाहता सांगितलं, आधार लिंक आहे, पैसे आले की दिसतील. योजनेच्या पोर्टलवर पाहिलं तर अर्ज मंजूर. म्हणजे सरकार म्हणते आम्ही पाठवले, बँक म्हणते आमच्याकडं सगळं बरोबर आहे, आणि माय म्हणते माझ्या हातात काहीच नाही, आणि राजेहो, तिघंही खरं बोलून राह्यले होते!

ही भानगड मला तिसऱ्या चकरेत समजली, ती पण बँकेत नाही, बसस्टँडजवळच्या ऑनलाईनवाल्या पोराकडं. त्यानं विचारलं, लिंक आहे का सीडिंग? मी म्हटलं एकच ना ते. नाही. लिंक म्हणजे बँकेनं तुमच्या खात्यावर तुमचा आधार नंबर नोंदवला, बस. सीडिंग म्हणजे एनपीसीआयची, म्हणजे बँकाबँकांतले पैसे फिरवणाऱ्या संस्थेची, जी यादी आहे तिच्यात तुमच्या आधार नंबरपुढं त्या बँकेचं नाव लागलं. डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा, पैसा खाते नंबर पाहून येत नाही, आधार नंबर पाहून येतो, आणि ती यादी सांगेल त्या बँकेत जाऊन पडतो. तुमची पाच खाती असली तरी यादीत नाव एकाच बँकेचं असते, सगळ्यात शेवटी जिनं लावलं तिचं. फॉर्मवर मी मोठ्या झोकात सुवाच्य अक्षरात खाते नंबर लिहून दिलता त्याचा उपयोग शून्य.

मग आधारच्या साईटवर मायच्या आधारपुढं कोणती बँक आहे ते पाहायचं ठरलं, तर त्याला ओटीपी लागते, आणि आधारला जोडलेला नंबर होता माझ्या बहिणीच्या लग्नाच्या आधीचा, ते सिम कधीचंच बंद. तो बदलायला आधार केंद्रावर वेगळी लाईन, तेव्हाची 50 रुपये फी, आणि नंबर चढायला काही दिवस. त्या दिवशी मायचा निंदणाचा रोज बुडाला तो कोणत्याच पावतीवर नाही.

आणि शेवटी जेव्हा ते पान उघडलं तेव्हा त्यावर भलत्याच बँकेचं नाव! मायनं त्या बँकेचं नाव जन्मात ऐकलं नव्हतं. मी पोराला म्हटलं हे चुकीचं दाखवून राह्यलं. तो हसला, म्हणे, "दादा, सिम घेतलं होतं का कधी बाजारात, छत्रीखाली?"

घेतलं होतं. सहा-सात वर्षं झाली असतील, आठवडी बाजारात एक पोरगा छत्री लावून बसलता, सिम फुकट, वरून रिचार्ज. मायनं अंगठा दिला. मग तो म्हणे आजी अजून एकदा द्या, नीट आला नाही. तिनं अजून एकदा दिला. पहिला अंगठा सिमचा होता, दुसऱ्यात मोबाईलवरचं खातं उघडलं आणि यादीत आमच्या बँकेच्या जागी त्या खात्याच्या बँकेचं नाव बसलं. गंमत म्हणजे त्याच सुमारास आमची गॅसची सबसिडी यायची बंद झालती आणि बाबा दोन वर्षं पारावर बसून सरकारला शिव्या देत होते. ती सबसिडी पण तिथंच पडून होती, राखीचे तीन हजार पण तिथंच.

माझी आजी रोजगार हमीवर गिट्टी फोडायला जायची. ती योजना आपल्या महाराष्ट्रातच निघाली, 1972 च्या दुष्काळात जोर धरला, 1977 मध्ये कायदा झाला, दिल्लीवाल्यांनी तसा कायदा 2005 मध्ये केला. आजी सांगायची, मुकादम हजेरीच्या कागदावर शाईचा अंगठा घेई आणि पैसे हातात देई, आणि त्यात खोटी नावं घालून खात पण असे, सगळ्या गावाला माहीत. म्हणून मी ते दिवस चांगले होते असं बिलकुल म्हणणार नाही. खाल्लं तर कोणी खाल्लं ते माहीत होतं, संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन भांडता येत होतं, एवढाच फरक. मायचे पैसे तर कोणी खाल्ले पण नव्हते, तिच्याच नावावर होते, फक्त तिला पत्ता नव्हता. यासाठी कोणाच्या दारात जाऊन भांडायचं?

आणि शाईचा अंगठा कधी रिजेक्ट होत नव्हता. बाबांचं पीएम किसानचं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, याच्यातच अडकलतं. 2019 पासून वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, 2023 पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे तेवढेच आणखी, पण केवायसी नाही तर दोन्हीकडं ठणठण. कापूस वेचून वेचून बोंडाच्या टोकांनी बोटं अशी झाली की मशीनला रेघाच सापडत नाहीत, पोरगा म्हणे डोक्यावर घासा, तेल लागू द्या, लिंबू चोळा. शेवटी मोबाईलवर चेहरा दाखवून झालं, बाबा फोटोला बसल्यासारखे टोपी नीट करून बसलते.

आमच्या गल्लीतल्या एका मामीची वेगळीच तऱ्हा. मामा गेल्यावर वावर तिच्या नावावर झालं, म्हणून शेतकऱ्याचे हप्ते तिला येतात, दोन्ही मिळून वर्षाचे बारा हजार म्हणजे महिन्याला हजार, म्हणून लाडकी बहीणचे तिला फक्त वरचे पाचशे. जिच्या नवऱ्याच्या नावावर वावर आहे तिला पूर्ण पंधराशे! शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती मोहिमेत गावोगाव सांगितलं की बाईच्या नावावर जमीन करा, आणि इथं नावावर जमीन आहे म्हणून बाईचे हजार कमी. मामी म्हणते, "सातबाऱ्यावर नाव लागलं तवा पेढे वाटले होते मी."

आमचं काम पोस्टात झालं. कोणीतरी सांगितलं पोस्टाच्या बँकेत खातं काढा आणि तिथंच डीबीटीसाठी आधार लावा. काढलं, आठवड्यात यादीत नाव बदललं, पुढचे हप्ते तिकडं यायला लागले. त्या जुन्या खात्यातले पैसे काढायला अजून तीन चकरा झाल्या त्या सोडून द्या. मग सप्टेंबर 2025 मध्ये लाडकी बहीणला पण ई-केवायसी आलं, नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार पण पाहिजे, तेव्हा मी निदान घाबरलो नाही.

माय मात्र बदलली. आता कोणीही काही मागितलं की पहिला प्रश्न, "कायचा अंगठा?" परवा जलजीवनच्या नळाचं विचारायला एक पोरगा आलता, वही घेऊन, उन्हात. त्याला तिनं अर्धा तास ओसरीच्या बाहेर उभं केलं, आधार देणार नाही, मोबाईल नंबर देणार नाही, पोरगा घरी आला की ये. तो बिचारा एवढंच विचारत होता की नळाला पाणी येते का. ते पण तिनं सांगितलं नाही.