हळदीच्या हंगामात आलेली सक्तीची रजा

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळची आमची बँकेची शाखा, मी तिचा शाखाधिकारी, त्यात हळदीचे सौदे सुरू. काउंटरवर अडत्ये आणि हमालांचे मुकादम. अशात सकाळी साडेदहाला मेल आला: रोख आणि सोनेतारण सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला आजपासून सलग दहा कामाचे दिवस रजा.

त्याला आधी कळवायचं नसतं. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या परिपत्रकानुसार संवेदनशील पदावरच्या माणसाला दरवर्षी असं अचानक घरी बसवायचं. अंतर्गत ई-मेल सोडून कामाच्या कशालाही हात लावू द्यायचा नाही. हेतू घोटाळे पकडण्याचा. "साहेब, माझ्यावर संशय आहे का?" त्यानं मला विचारलंच. हमालही कुजबुजले, साहेबांवर केस झाली म्हणून.

बदली अधिकारी आला आणि चार्जची देवाणघेवाण सुरू झाली. पाचशेच्या शंभर नोटांचं एक पाकीट, अशा दहा पाकिटांचा बंडल पाच लाखांचा. पण वरची चिठ्ठी वाचून सही करायची नसते, पाकिटं सोडून मशिनवर मोजायची. एटीएमच्या कुलपाचं कॉम्बिनेशन बदललं, चाव्यांच्या रजिस्टरवर दोघांच्या सह्या झाल्या, त्याचा संगणकावरचा लॉगिन आयडी बंद झाला.

खरा वेळ खाल्ला सोन्यानं. एका पाकिटावरचा कर्ज क्रमांक रजिस्टरशी जुळेना. कर्जाचं नूतनीकरण करताना जुनं खातं बंद होऊन नवं उघडलं, पाकिटावरची चिठ्ठी मात्र जुनीच राहिली. सील शाबूत होतं, तरी बदली अधिकारी सही करेना, आणि त्याचं बरोबरच होतं. मूल्यांकन करणाऱ्या सराफाला बोलावलं, सगळ्यांसमोर पाकीट फोडलं, वजन केलं, नवी चिठ्ठी लावून पुन्हा सील केलं. अशी आणखी दोन निघाली. सेफ बंद व्हायला रात्रीचे आठ वाजले.

पुढचे दिवस शाखेची ओढाताण झाली, पण त्याला कुणी फोन केला नाही. करून उपयोगच नव्हता, आयडी बंद! एरवी वर्षाला बारा किरकोळ रजा कागदावर असतात आणि रजेवरच्या माणसाला अकरा वाजता शाखेतून फोन येतो: "पासवर्ड सांगा, एवढी एक एन्ट्री पास करतो." हा सरळ नियमभंग. तरी घडतो, कारण तेवढ्या अधिकाराचा दुसरा माणूस शाखेत नसतो. पाच दिवसांच्या आठवड्याचंही तेच. मार्च 2024 मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि आयबीए (बँकांची संघटना, इंडियन बँक्स असोसिएशन) यांचं ठरलं की रोज 40 मिनिटं जादा थांबायचं आणि सगळे शनिवार सुट्टी, सरकारनं मंजुरी दिली तर. आमच्याकडे ती 40 मिनिटं आधीपासूनच जातात.

अधिकारी परत आला तेव्हा राग ओसरला होता. एरवी रजेचा अर्ज टाळणाऱ्या या माणसानं आठवड्याभरात मे महिन्यातली रजा स्वतःहून मागितली. मी क्षेत्रीय कार्यालयाला दोन गोष्टी लिहिल्या: साध्या रजेतही आयडी बंद ठेवा, आणि मंजुरीच्या आदेशातच बदली अधिकाऱ्याचं नाव द्या. पहिली लगेच मान्य झाली. दुसरीवर शेरा आला, "कर्मचारी उपलब्धतेनुसार."