पालकाचा रस, निकेल आणि माझे तळहात

माझ्या इसबाची सुरुवात बोटांच्या बेचक्यांतून झाली. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे बारीक, कडक फोड कातडीच्या आत दिसायचे. दोन-तीन दिवस जीव जाईल इतकी खाज, मग फोड सुकून साल निघायची आणि खाली भेगा पडायच्या. वरणावर लिंबू पिळायचं म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. पुढे पुढे ते काम सासूबाईच करू लागल्या.

कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक मलम आणलं. चार दिवसांत आराम पडला, बंद केलं की दुप्पट उसळलं. असं दीड वर्ष चाललं. त्यात जोराचं स्टेरॉइड होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बोटांवरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली, तेव्हा कुठे भीती वाटली.

मग घरात पथ्यं सुरू झाली. वांगं बंद, दही बंद, अंडं बंद, आंबट म्हणून काही नाही. सासूबाईंनी मनापासून काळजी घेतली. "अगं, रक्त शुद्ध झालं की त्वचा आपोआप सुधारते," असं म्हणत रोज सकाळी पालकाचा पेलाभर रस मला द्यायच्या. दुपारी पालकाची पातळ भाजी, त्यात शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ. मीही श्रद्धेने खात होते. आणि हात बिघडतच चालले होते.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. हात बघायच्या आधी त्यांनी माझे कान बघितले. "खोट्या कानातल्यांनी कान चिघळतात का?" चिघळायचे, अगदी कॉलेजपासून. जीन्सच्या बटणाखाली पोटावरही चट्टा उठायचा. त्यांनी पॅच टेस्ट करायला सांगितली. ॲलर्जी कशाची आहे ते शोधायला पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांची पट्टी चिकटवतात, प्रत्येक चकतीत वेगळा पदार्थ, ती 48 तास ठेवायची. पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. मे महिन्यात ते दोन दिवस फार जड गेले. पट्टी काढल्यावर एकदा बघितलं आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा. एकाच चौकोनावर लालभडक, फोडांनी भरलेला ठसा उठला होता. तो निकेलचा होता.

निकेल हा धातू दागिन्यांत असतो तसा जमिनीतही असतो, आणि तिथून तो पानांत, डाळींत, दाण्यांत उतरतो. निकेलची ॲलर्जी असलेल्या सगळ्यांना खाण्याचा त्रास होत नाही. काहींना मात्र पोटात गेलेलं निकेलही हातावर फोड आणतं. आणि निकेल जास्त असलेल्या पदार्थांत पालक बराच वरचा! शेंगदाणे, काजू, तीळ, सोयाबीन, ओट्स, चॉकलेट, डाळी आणि कडधान्यंही त्याच यादीत. मी ज्याला औषध समजून पीत होते, तेच बहुधा मला बाधत होतं. डॉक्टरांनी "सहा आठवडे बंद करून बघू" एवढंच सांगितलं.

रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9.4. शरीरात लोह कमी असलं की आतडं लोहाच्या जोडीने निकेलही जास्त ओढून घेतं, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे वर्षभराच्या पथ्यांनी माझं नुकसानच केलं होतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या वेळेच्या आसपास चहा घ्यायचा नाही, लिंबू किंवा आवळा मात्र घ्यायचा. 'क' जीवनसत्त्वाने लोह अंगी लागतं आणि निकेल कमी शोषलं जातं.

ते सहा आठवडे माझ्यासारख्या मराठी घरातल्या बाईला कठीणच होते. दाण्याच्या कुटाशिवाय काकडीची कोशिंबीर, आमटीशिवाय भात. दही आणि अंडी परत मिळाली, बटाटा, कोबी, फ्लॉवर चालत होतं. सासूबाईंनी ताकाच्या कढीला बेसनाऐवजी तांदळाची पिठी लावली आणि घरात सगळ्यांनी तीच खाल्ली. माझं ताट वेगळं पडू दिलं नाही, हे मी कधीच विसरणार नाही. टोमॅटोचं सार नव्या स्टीलच्या पातेल्यात करणं थांबवलं, कारण आंबटाने स्टीलमधलं निकेल सुटतं. सकाळी नळाचं पहिलं पाणी थोडं वाहू द्यायचं, मग प्यायचं भरायचं.

फक्त खाण्याने हात बरे झाले, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी दिलेलं मलम ठरलेल्या मापाने, ठरलेल्या दिवसांपुरतं लावलं. हात धुतले की लगेच पेट्रोलियम जेली. भांडी घासताना आत सुती आणि वर रबरी हातमोजे. माझ्या भाच्यालाही इसब आहे, पण कोपराच्या आणि गुडघ्यांच्या घड्यांत. त्याचं खाणं डॉक्टरांनी मुळीच तोडलं नाही, अंघोळीनंतर लगेच मॉइश्चरायझर लावण्यावर भर दिला. म्हणून कळकळीने सांगते, तपासणीशिवाय पोराबाळांचं दूध-अंडं बंद करू नका.

पाचव्या आठवड्यात नवे फोड यायचे थांबले. मग पालेभाज्या एकेक करून परत आणल्या. एक भाजी थोडीशी खायची, चार दिवस थांबायचं, वहीत लिहायचं. फोड कधी कधी दोन-तीन दिवसांनी उठतात, म्हणून घाई करायची नाही. जून, जाड पानांत निकेल जास्त साठतं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून कोवळी जुडी निवडायची. मेथी मला सोसली. ताकातला चाकवतही सोसला, बेसन-दाण्यांशिवाय, वरून लसणाची फोडणी. लाल माठ आठवड्यातून एकदा चालतो. पालक दोनदा खाऊन बघितला आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी बेचक्यांत साबुदाणे दिसले. तो मी सोडला. ही माझी यादी आहे, दुसऱ्या कुणाची वेगळी निघेल.

आता हिमोग्लोबिन 12 च्या वर आहे. संक्रांतीला तिळाची एक वडी खाल्ली, वहीत नोंद केली, काही झालं नाही. परवा मेथीची भाजी केली होती. पानं वाढून झाल्यावर सासूबाईंनी सवयीने लिंबाची फोड हातात घेतली. मी ती त्यांच्याकडून मागून घेतली आणि सगळ्यांच्या पानांत स्वतःच्या बोटांनी पिळली. कुठेही चरचरलं नाही.