शमुवेलाला देवाने काय सांगितलं?

चर्चच्या रविवारच्या वर्गात मी बायबलमधल्या लहान शमुवेलाची गोष्ट नेहमी एकाच ठिकाणी थांबवायचे, रात्री देव हाक मारतो आणि तो म्हणतो: ‘बोल, तुझा दास ऐकत आहे.’ परवा सहा वर्षांच्या एका मुलीने माझी बाही ओढली. "मग देव काय बोलला?"

"ते पुढे मोठं झाल्यावर," असं तोंडावर आलं होतं. पण मार्कच्या शुभवर्तमानात (अध्याय 10) मुलांना अडवणाऱ्या शिष्यांवर येशू रागावला, ते आठवलं. खाली बसले, पुढचं वाचलं. शमुवेल ज्या याजक एलीजवळ राहत होता, त्याच्याच घराण्याला शिक्षा होणार, असं देवाने सांगितलं होतं. शमुवेल सकाळपर्यंत पडून राहिला, सांगायला घाबरला. म्हातारा एली म्हणाला, माझ्यापासून काही लपवू नकोस. आणि त्याने सगळं ऐकून घेतलं.

ती हळूच म्हणाली, "एली ओरडला नाही?"

नाही गं, ओरडला नाही.